वीस पेन्सची दुर्बीण

टेकडीवर, बंदराकडे तोंड करून
ती एका पायावर उभी असते,
करड्या रंगाची, डोळ्यांच्या कडा झिजलेली.
वीस पेन्स टाकले की आत काहीतरी खट्‌कन उघडतं
आणि दोन मिनिटं
समुद्र जवळ येतो.

देखभाल टॉर्क्विल गेडीजकडे.
बाकांना रंग, मिनी-गोल्फची अठरा भोकं,
धक्क्यावरची मुतारी, आणि ही.
मंगळवारी तो डबा उपसतो :
नाणी, परक्या देशांची नाणी, एकदा कोटाचं बटण,
सोनेरी कागदातलं चॉकलेट, वितळून बसलेलं.

उन्हाळ्यात बसा भरून लोक येतात, खडक बघतात.
पांढरा आहे तो चुन्यामुळे नाही,
निम्मा पक्ष्यांनी पांढरा,
उरलेला त्यांच्या शिटेने.
टॉर्क्विल हे दिवसातून नऊ वेळा सांगतो.
नवव्या वेळीही कुणीतरी नाक मुरडतं,
त्याला बरं वाटतं.

मग पडका किल्ला. कुणी पाडला?
थोडा तोफांनी, बाकीचा आम्हीच.
माझ्या मामाच्या गोठ्याला
किल्ल्यातली खिडकी आहे, नक्षीची,
तिच्यातून गाय बघते.
मग दीपगृह, ज्यात आता माणूस राहत नाही,
दिवा आपला आपण लागतो.
मग आइस्क्रीम, आणि आइस्क्रीम पळवणारा सीगल.
हा कुठल्याच पत्रकात नाही,
पण मुलं घरी जाऊन तेवढंच सांगतात.

समुद्रावरून चढणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात.
तो येतो आणि गळ्यात पडतो,
गार, ओला, बिनवासाचा.
अशा दिवशी एका पाहुणीने नाणं टाकलं,
दोन मिनिटं नुसतं पांढरं बघितलं
आणि पैसे परत मागितले.
टॉर्क्विल म्हणाला, बाई,
खडक तर रोजच असतो.

दुर्बिणीला खाली एक खुंटी आहे,
लोखंडी, बोटाएवढी.
तिच्यामुळे ती गावाकडे वळत नाही.
बरोबरच आहे. लोकांच्या खिडक्या असतात.

नोव्हेंबरात शेवटची बस गेली
की टॉर्क्विल खुंटी काढतो, खिशात टाकतो.
कुणी कुणाला सांगत नाही,
सगळ्यांना माहीत आहे.

साडेचारला अंधार.
मग एकेक जण चढून येतो, कुत्रं फिरवायच्या निमित्ताने.
धुरी देऊन मासे टिकवणारा स्ट्रूअन,
हाताचा वास बाहीत लपवत
औषधांच्या दुकानाचं वरचं दार बघतो,
दोन मिनिटं, दार उघडत नाही,
तो थँक्यू म्हणतो, कुणाला कोण जाणे.
पाद्रीबाई आपल्याच चर्चचं छप्पर मोजतात,
किती पाट्या उडाल्या ते.

आयना लॉकहार्ट एकाहत्तरची.
ती स्वतःचं स्वयंपाकघर बघते.
नवरा, वॉटी, डॉक्टरने लोणी बंद केलेला,
फ्रिजच्या उजेडात उभा आहे
आणि सुरी चाटतोय.
ती ओरडत नाही.
घरी गेल्यावरही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही,
जणू मालिका लागलीय.

शुक्रवारी मात्र वॉटी खिडकीशी होता,
डोळ्यांना त्याची जुनी बोटीवरची दुर्बीण,
रोख थेट टेकडीवर.
त्याने लोण्याचा डबा उंच धरला
आणि झाकण काढून तिला दाखवला :
रिकामा.
मग काहीतरी म्हणाला,
ओठ हलले, हसला की काय,
खट्‌.

आयनाने पर्स उलटी केली.
किल्ल्या, लोझेंजेस, बसचं तिकीट.
काय म्हणाला तो? टॉर्क्विल, काय म्हणाला?
मला कसं दिसणार, मी इथे उभा.

त्याने डब्याचं कुलूप काढलं,
नगरपालिकेच्या पैशातलं एक नाणं
तिच्या हातमोज्यावर ठेवलं.
ती संकोचली.
घे गं, तो म्हणाला,
जाऊन जाऊन जाईल कुठे,
डब्यातच.