हलू नका

दिवसा मी हाडांचे फोटो काढते.
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
एका सेकंदाचंही काम नसतं,
तरी माणसं हलतात.

रात्री धायरीत, बी विंगच्या गच्चीवर,
सोलरच्या नळ्या आणि पाण्याच्या टाक्या यांमध्ये
जेमतेम तिवईपुरती जागा.
वर, वृषभाच्या उत्तरेकडच्या शिंगापाशी
एक तारा फुटला होता. चाळीस हजार वर्षं झाली म्हणतात,
म्हणणाऱ्यांचंही एकमत नाही.
त्याचं उरलंय ते सहा पौर्णिमा शेजारी शेजारी मांडाव्यात एवढं रुंद
आणि डोळ्यांना मुळीच न दिसणारं.

मार्गशीर्ष. खाली हायवेलगतच्या लॉनवर लग्न.
दहाला बँड थांबतो, पण तो आभाळात झोत टाकणारा दिवा
फिरतच राहतो, झोप न येणाऱ्या वराकडच्या काकासारखा.
त्या रात्रीचे एकोणीस फोटो टाकून दिले.
सेक्रेटरी उंब्रजकर वर येऊन विचारतात,
वीज कोणाच्या मीटरवरची?
मी बॅटरी दाखवते.
ते बॅटरी बघतात, नीट, आणि खाली जातात.

बाराच्या सुमारास दुर्बीण कूस बदलते.
तेवढी एक हालचाल मी माफ करते.
एकेक फोटो दहा मिनिटांचा,
एकच तांबडी रेघ आत सोडणारी काच,
बाकी सगळं पुणं बाहेर.

सातव्या रात्री थर एकावर एक रचले,
पट्टी सरकवली, अजून थोडी,
आणि राखाडी खरखरीतून वर आली
केसाएवढी चीर.
अशी चीर मनगटात शोधायची सवय आहे मला.
पेशंट म्हणतो, काही नाही ना?
मी म्हणते, डॉक्टर सांगतील.
मग दुसरी चीर. तिसरी. मग गुंताच.
इतकं मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं,
आणि इतकं शांत.

रात्रपाळीचे ढवळेमामा जिना चढून आले, शिट्टी गळ्यात.
मी तारा, स्फोट, हायड्रोजन वगैरे सुरू केलं.
ते स्क्रीनवर वाकले.
"आईनं काठीवर वाळत घातलेल्या शेवया," म्हणाले,
"वावटळीत उडालेल्या. आई ओरडत मागं धावायची."
मग तिथेच उभे राहिले, बराच वेळ.
गेटवर कोणीतरी हॉर्न वाजवून वाजवून थकलं.

हाडांतलं कॅल्शियम अशाच ताऱ्यांतलं,
हे आमच्या बॅचमधलं कोणी ना कोणी
सुप्रभातसोबत पाठवतंच.
असेल.
मला दिसलं ते मामांचं डावं मनगट,
जुनं, वाकडं जुळलेलं,
कधी कोणाला न दाखवलेलं.

साडेपाचला दंव. मी दुर्बिणीला झाकण लावते
आणि झाकणासकट आणखी चार फोटो काढते.
त्यांत कॅमेऱ्याचा स्वतःचा अंधार येतो,
त्याची ऊब, त्याचे ठिपके.
तो मोजून वजा करावा लागतो.
मामा भिंतीला टेकून, श्वास रोखल्यासारखे.
शेवटचा फोटो संपतो.
मी म्हणते, हला आता. झालं.