हातचा

दिवसाला दहा, असं नर्सनं दिलेली पुस्तिका म्हणते.
एक दिवसाआड धुणं, म्हणजे वीस.
पण डंडीत नोव्हेंबरात कापड
दोन-दोन दिवस दमटच, रेडिएटरवर टाकलं तरी.
म्हणजे तीस. की चाळीस?
यशोधन गॅसबिलाच्या पाठीवर गुणाकार मांडतो,
हातचा धरायला विसरतो.

आई फोनवर हसते,
"तुझ्या वेळी आठ लंगोट होते गं, बाबांच्या धोतराचे.
जळगावचं ऊन! नववा लागलाच नाही."
ऊन कुठल्या रकान्यात लिहू?

खालची मॉरीन सांगायला आली,
मागच्या दोरीवर आमचा वार मंगळवार.
जाताना पिशवी ठेवून गेली दारात.
पांढरं टेरी, धुऊन धुऊन विरलेलं,
कडेला निळा टाका.
"डझन होते. अकरा आहेत."
बाराव्याचं मी विचारलं नाही.
तिच्याकडे कधी
कुणी आलेलं पाहिलं नाही.

रात्री पुन्हा मांडलं,
तीस वजा अकरा.
यशोधन म्हणाला, वीस घेऊ, सरळ आकडा.
मी एकोणीसच लिहिले.
पोटातून एक टाच वर आली,
तिच्यावर तळवा ठेवून
मी हातचा धरला.