कौल

मास्तर, शाळेला शंभर वर्षं होतात म्हणून
गावचा इतिहास लिहायला घेतलात, बरं केलंत.
पण कागद कुठून आणणार?
मोडीतली दप्तरं वाळवीनं वाचून संपवली,
तालुक्यातले उतारे आता कन्नडमध्ये मिळतात,
आणि पंचायतीच्या कपाटाची किल्ली
गोकाकला बदलून गेलेल्या माणसाच्या खिशात.

शिडी लावा. वर या.
वाशावर पाय ठेवा, रिपेवर नको.

आम्ही तीन पिढ्या शाकारणीवाले.
दर वैशाखात लोकांची घरं उघडतो
आणि पुन्हा झाकतो.
मधल्या वेळात दिसतं ते बोलायचं नाही,
ही आज्जानं घालून दिलेली रीत.

हे नळीचं कौल. पालथं करा.
तीन बोटांच्या रेघा दिसतात की?
लुमाण्णा कुंभार.
ह्याच्यावर दोनच? तोही लुमाण्णाच,
मळणीयंत्रात बोट गेल्यावरचा.
ही घाईची थाप त्याच्या बायकोची, बायजाक्काची.
आणि हे कुत्र्याचं पाऊल.
कौलं वाळत होती, कुणी हाकललं नाही त्याला.
त्या दिवशी घरात काय झालं होतं
ते कौलात नाही.

चाकावर नळा चढायचा, उभा, मडक्यासारखा.
ओला असताना दोन बाजूंना तार लावायची,
वाळला की एक थापट, दोन कौलं.
भाजायची जोडीनं. विकताना मात्र
गाडीत मावतील तेवढी.
एक अंग चंदगडात उतरलं,
एक इथं, माझ्या हातात.
मध्ये नाका झाला.
बाबा म्हणायचे, "ह्याचं दुसरं अंग
कालकुंद्रीच्या सुताराच्या पडवीवर हाय बघ."
आम्ही हसायचो.
एकदा असलंच एक कौल सायकलला बांधून गेले.
दिवेलागणीला आले. काही बोलले नाहीत.
चहा मागितला.

पुढं मंगलोरी आली. दड्डीकरांची भट्टी, हत्ती छाप.
भाऊ वेगळे निघाले तेव्हा हत्तीही वाटला:
थोरल्याच्या हत्तीची सोंड वर, धाकट्याच्या खाली.
एकाची खाच दुसऱ्यात बसेना, दीड सूत इकडं-तिकडं.
ज्यांनी स्वस्तात मिसळून घातली
त्यांच्या चुलीवर अजून थेंब पडतो.
अक्षरंही बघा: आधी इंग्रजी, मग मराठी, मग कन्नड,
मग नुसता हत्ती.
धाकट्याचा पोरगा म्हणाला, हत्ती सगळ्यांना वाचता येतो.

आणि एक कौल रवळनाथाचा. तो घरावर नसतो.
उजवी पाकळी पडली, बाबांनी धंदा धरला.
मी लावला तेव्हा दोन्ही चिकटून राहिल्या
संध्याकाळपर्यंत. गुरव म्हणाला, उद्या ये.
आणखी एक तुम्ही मागत फिरलात, सह्या घेऊन,
तुमच्या आधी तुमचे वडील.
तो अजून दिल्लीत वाळत घातलाय.

यंदा सात घरं. गेल्या साली अकरा.
बाकी पत्रा, नाहीतर स्लॅब.
पोरगा उद्यमबागेत फाउंड्रीत जातो.
घरी येतो तेव्हा नखांत माती असते,
काळी, जळकी,
पण मातीच.

लिहिताय ना?
लुमाण्णामध्ये जोडाक्षर आहे, चुकवू नका.
कुत्र्याचं पाऊल चुलीच्या वर, तिसऱ्या ओळीत,
जिथं होतं तिथंच जाईल.
आता ते कौल द्या इकडं.
ऊन उतरायच्या आत घर झाकायचंय.