सोळा वर्षं, दोन महिने

उद्यमनगरातल्या हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर,
पंखा लावला की फॉर्म उडतात,
म्हणून त्यांच्यावर लोखंडाचा तुकडा ठेवलाय,
शेजारच्या फाउंड्रीनं दिलेला, तपासणीत नापास झालेला.

माझं काम सोपं.
वय पन्नास ते ऐंशीच्या मधे आहे का.
दिवसाला किती पाकिटं, किती वर्षं.
सोडली असेल तर कधी:
पंधरा वर्षांच्या आत असेल तर पडद्यामागे जा,
छातीच्या स्कॅनची तारीख घ्या, फुकट,
नाहीतर आभार.

टोकन एकोणतीस. हिंदुराव मगदूम, मोल्डर,
वय सदुसष्ट. रिटायर होऊन सात वर्षं झाली
तरी नखांत काळी वाळू.

"पाकिटं किती, काका?"
"पाकीट कुठलं, ताई. बंडल.
सकाळपाळीला एक, रातपाळीला दीड.
मेटल वतायच्या आधी वडायची, वतल्यावर वडायची.
चौतीस वरसं."

फॉर्मला विडी ठाऊक नाही.
तो कुठल्या तरी थंड देशात जन्मला असावा,
जिथं धूरसुद्धा वीस-वीसच्या ओळीत उभा राहतो.
सकाळचे डॉक्टर म्हणाले, विडी अर्धी धरा.
दुपारचे म्हणाले, अर्धी कशी? उलट जास्तच.
मी पेन्सिलनं लिहिते चौतीस. खोडते. सतरा.
पुन्हा चौतीस. वीस तरी पाहिजेत.
कागद तिथं पातळ झालाय.

"सोडली कधी?"
या प्रश्नाला लोक छताकडे बघतात,
पोरीचं लग्न, मोठा पूर, असलं काही आठवत
बोटांवर मागं मागं जातात.
हा माणूस माझ्याकडेच बघत राहिला.
"सोळा वरसं, दोन म्हयनं.
गणी मुजावरला माती दिऊन आलो, त्या सांजंला.
आमी दोघं एका काडीवर पेटवायचो.
खिशात बंडल हुतं, पाच शिल्लक. भट्टीत टाकलं.
आवाज सुदिक आला न्हाई."

सोळा.
म्हणजे आणखी सव्वा वर्ष ओढली असती
तर आज पडद्यामागे गेला असता.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो.
उतरतो म्हणाले. संपतो असं कुणी म्हणालं नव्हतं,
आणि मीही तेव्हा विचारलं नाही.

मी आवाज खाली आणते.
"काका, चौदा लिहू?"

तो फॉर्मांवरचा तुकडा उचलतो,
अंगठा फिरवतो, एका जागी थांबतो.
"वरनं गुळगुळीत हाय बगा. आत ब्लोहोल.
वारं अडकलं की असं हुतंय.
कापल्याबिगर कळत न्हाई."
तुकडा खाली ठेवतो.
"चौदा लिवलं, तर गणीला दोन वरसं जगवाय लागंल.
त्याची पोरगी हितंच, चौकात शिवणकाम करत्या.
तिला काय सांगू?"

"अन् माझं लिवा की,"
मागच्या खुर्चीवरून अनुसयाबाई.
"म्या वडली न्हाई कदी. पर कागलाकडं गुऱ्हाळावर
वीस हंगाम चुलवाणात चिपाडं सारली.
घरात आल्यावर ह्यांची."
तिच्यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिते, बारीक अक्षरात,
कुणी वाचणार नाही ते माहीत असून.

शेवटचा प्रश्न उरतो.
याला पंधराची अट नाही, विसाची नाही;
हो म्हटलं तर चिठ्ठी घेऊन सरळ सीपीआर.
"खोकला? थुंकीतनं रक्त? वजन उतरलंय?"
"न्हाई."
लगेच. फारच लगेच.
अनुसयाबाई पंख्याकडे बघते.

मी आभार लिहिलेला कागद देते.
तो दोन्ही हातांनी घेतो, घडी घालतो,
जिथं बंडल असायचं त्या खिशात ठेवतो.

टोकन तीस.
तीस नंबरवाला बसतो, पण माझे कान जिन्यावर.
जिना सोळा पायऱ्यांचा, मी रोज मोजते.
सहाव्या पायरीवर चपला थांबल्या.

टोपी नीट करत असतील.

पेन्सिल हातातच आहे.
चपला अजून थांबलेल्याच.