दोन सेकंद

उद्यमनगरात, लेथच्या शेडवर, पत्र्याच्या खोलीत
आम्ही नऊजण हेडफोन लावून बसतो.
खाली लोखंडाचा कीस पडतो,
वर मतदार यादीचा.

उमेदवार गेल्या महिन्यात एकदाच आला,
चाळीस मिनिटं बोलून आवाज ठेवून गेला.
तो आवाज आता रोज साडेतीन हजार घरांत जातो,
नावानं हाक मारतो,
समोरचा बोलला तर दोन सेकंद थांबतो,
मग म्हणतो, ‘तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं.’

माझं काम रंग द्यायचं.
हिरवा आपला, तांबडा त्यांचा,
पिवळा कुंपणावरचा.

उत्तरेश्वर पेठ, भाग एकशे बारा, अनुक्रमांक चारशे सहा,
तोडकर बायाक्का ज्ञानू, वय त्र्याहत्तर.
कॉल चार मिनिटं अकरा सेकंद.
बाकीचे नवव्या सेकंदाला ठेवतात.

‘आवाज बसलाय की रं बाळा तुजा.
सभा करून करून घशाची पार वाट लावलीस.
मिठाच्या गुळण्या कर, कोमट पाण्याच्या, निजताना.
आन् ह्या अंगाला आलास तर च्या घिऊन जा.
पायरी तेवढी बघून चढ,
म्हापुरात निसटलेली, अजून हालतीया.’

दोन सेकंद.

‘तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं.’

‘पोचलं न्हवं? मग ठीवू?’
विचारून ठेवला तिनं फोन.

यंत्रानं ‘मीठ’ उचललं, तिला महागाईच्या गटात टाकलं.
‘घसा’ उचलून आरोग्याच्या.
‘म्हापूर’ त्याला कळला नाही.
मी बाण हिरव्यावर नेला, पिवळ्यावर आणला,
चहाला बोलावणाऱ्यांचा रकाना
खाली सरकवत शोधला.
शेवटी हिरवा दिला.
दिवसाला सहाशे उरकायचे असतात.

संध्याकाळी साहेब खूश.
पेठांत माणसं थांबल्यावर बोलतात म्हणाले,
उद्यापासून तीन सेकंद करा.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना माझाच मोबाईल वाजला.
‘नमस्कार, सुकुमारजी.’
घरात मला कुणी जी लावत नाही.
आई वाढता वाढता थांबून बघायला लागली.
मला ठाऊक होतं तिकडं कुणी नाही,
त्या खोलीला मीच कुलूप लावलं होतं,
किल्ली खिशात टोचत होती.

तो थांबला.
एक.
दोन.
हातातला घास तसाच,
आणि तिसऱ्याला माझ्याच तोंडून गेलं,
‘बरा हाय का आता घसा?’