धाकटा बाप

माझं वय चौतीस, टक्कल पंचावन्नचं.
त्यामुळे सातपूरच्या झेरॉक्सच्या दुकानात
ती पहिल्यांदा "काका" म्हणाली
तेव्हा नवल वाटलं नाही. सगळेच म्हणतात.
फोनवर रोज "मामा, मामा" चालायचं.
वाटायचं, नशीबवान मामा.
माझ्या भाच्यांना मी दिवाळीलासुद्धा आठवत नाही.

कळलं ते पुढच्या द्राक्षांच्या हंगामात :
मामा म्हणजे तिची आई.
आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या पुतणीला, हेमांगीला,
ती "दादा" म्हणते ते चुकून नाही.
दादा म्हणजे ताई.
हेमांगी इतकी हसली की चहा स्टेपलरवर सांडला.

मिलेम्बे तिचं नाव. गाव म्वान्झा, मोठ्या तळ्याकाठी.
शाळेत स्वाहिली, चुलीपाशी सुकुमा.
"चुलीपाशी आईला मायू."
माय? मी विचारलं.
"मायू," तिने उकार नीट लावून दिला.

मंगळवारी रजेचा अर्ज घेऊन आली.
लिहा, वडील वारले.
मी टाइप केलं, प्रिंट दिली, पैसे घेतले नाहीत.
तासाभरात अर्ज परत.
रेकॉर्डला वडील हयात.
गेल्याच महिन्यात त्यांच्या खात्यातून फी आली आहे.

"बाबा म्दोगो," ती म्हणाली. धाकटा बाप.
वडिलांच्या पाठचा भाऊ.
त्यांच्यात चुलता नसतो, बापच असतात,
थोरले नि धाकटे.
आणि काका?
"काका म्हणजे भाऊ."
दोन वर्षं मी भाऊ होतो
आणि मला पत्ता नव्हता.

कॉलेजच्या फॉर्मवर चारच नाती. पाचवं, इतर.
कर्सर तिथे लुकलुकत राहिला.

मला सिन्नरच्या मावशीने वाढवलं.
ती गेली तेव्हा कंपनीने अर्धा दिवस दिला,
तोही शनिवारचा.
माय मरो, मावशी उरो, म्हणतात.
उरलेली मरते
तेव्हा काय म्हणायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

विचारलं, आईच्या धाकट्या बहिणीला?
"मामा म्दोगो."
मनातल्या मनात म्हणून पाहिलं.
तोंडाला लगेच बसलं.

मग नवीन पान घेतलं :
माझे धाकटे वडील वारले.
'धाकटे' ठळक केलं, पुन्हा साधं केलं.

कारकून परत पाठवेल.
पाठवू दे.
प्रिंटरमध्ये कागद आहे.