नमुना सही

आयर्विन पुलाच्या उताराला स्कूटर घसरली
आणि उजवा हात कोपरापर्यंत पांढरा झाला.
अडतीस वर्षांच्या दिवाणजीगिरीत
पहिल्यांदाच रजेवर गेला तो,
गळ्यातल्या झोळीत, साहेबासारखा.

वखार भागातल्या बँकेत
खिडकीतली पोरगी म्हणाली, सही जुळत नाही, आजोबा.
जुळणार कशी?
डाव्यानं लिहिलं होतं मी सुकुमार आदगोंडा मगदूम
आणि स्लिपवर येऊन उभा राहिला
समडोळीच्या शाळेतला पहिलीचा पोरगा:
सु-चा उकार भलतीकडं वळलेला,
ग रेघेला लोंबकळणारा,
मगदूम तर निम्मा पुढच्या रकान्यात.

मग अंगठा द्या, ती म्हणाली. डावा.
म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे,
लिहिता न येणारा हात कुठला ते.

खरं तर लिहिता हात हाच होता.
रेठरेकर गुरुजी मायाळू, छडी नाही मारली कधी.
नुसते सुतळीनं त्याला
माझ्या चड्डीच्या बंदाला बांधून ठेवायचे,
आणि मधल्या सुट्टीत स्वतः वाकून गाठ सोडायचे.
आक्का म्हणायची, बस्तीत गंधोदकाला
डावा पुढं केलास तर बघ.
मग उजवा शिकला. फार चांगला शिकला.
पट्ट्या, खतावण्या, वर्षामागून वर्षं,
पोत्यांची थप्पी लावावी तशी अक्षरं.
डाव्याचं वय तिथंच थांबलं.

त्याला कामं नव्हती असं नाही.
पोत्याचा कान धरणं. सायकलची घंटी.
पंगतीत आमटीची बादली, पण डाव उजव्यात.
नाव ह्याचं, मान त्याचा.

आणि एक, रुमालाखालचं.
तेव्हा यार्डात राजापुरी हळदीचा भाव
कुणी तोंडानं सांगत नसे, बोटानं दाबत.
दलीचंद खरीददाराच्या उजव्याचं मधलं बोट
पॉलिशच्या ड्रमानं नेलेलं.
चार बोटांत पाचाचा भाव मावणार कसा?
त्यानं डावा पुढं केला.
मी काही न विचारता डावा दिला.
वरून चाळीस माणसांना दिसत होता
एक मळका, पिवळट, हलणारा रुमाल.
आत
पहिल्यांदाच कुणीतरी
त्या बांधलेल्या पोराशी आकड्यांत बोलत होतं,
आणि पोरगं पटापट उत्तरं देत होतं.
अकरा हंगाम. एकही भाव चुकला नाही.

पुढं बोली उघड्यावर आली. रुमाल खिशात गेले.
दलीचंदच्या घरी बोलावणं करायला गेलो तेव्हा
नमस्काराला दोन्ही हात जोडले,
खाली घेताना
एक जरा मागं राहिला.

हे सगळं खिडकीत कसं सांगायचं?
मागं रांग होती. कुणीतरी खाकरत होतं.
ठशाची शाईची गादी पुढं सरकवली तिनं,
मी ती परत सरकवली.
म्हटलं, पोरी, नवा नमुना लाव.
ती म्हणाली, तीन सह्या लागतील.
तिन्ही सारख्या.

हरभट रोडला पाटी मागितली.
दुकानदार म्हणाला, नातवाला का?
म्हटलं, नाही, एक पोरगं आहे सहा वर्षांचं,
शाळा सुटलेलं.

रात्री जेवण झाल्यावर बसतो दोघं.
सु काढतो. तळहात मागून येतो
आणि लिहिलेलं पुसून टाकतो. पुन्हा सु.
काल पहिल्यांदा
उकार आपल्या बाजूला वळला
आणि मी उगाच इकडंतिकडं पाहिलं,
कुणी सुतळी घेऊन येतंय का.

प्लॅस्टर सुटायला अजून तीन आठवडे आहेत.
उजव्याला
अजून काही सांगितलेलं नाही.